मापाचं पांढरं

कापडाच्या दुकानात लाल मागितलं तर माणूस विचारतो, लग्नाला का? पिवळं मागितलं तर, हळदीला का? पांढरं मागितलं की तो काही विचारत नाही. आवाज खाली आणतो, नजर गल्ल्याकडे वळवतो आणि भाव पहिल्याच बोलीत बरा सांगतो. मग आपणच म्हणायचं, "अहो, तसं काही नाही. विहारात घालायला हवंय, आषाढ पौर्णिमा आलीय." त्याचा चेहरा मोकळा होतो, आवाज वर येतो आणि त्याच्याबरोबर भावही.

हे मी बरेचदा पाहिलंय, कारण आमच्या विहारातल्या बायकांचे पांढरे कपडे मी शिवते. दुकान नाही, पाटी नाही. खिडकीशी मशीन आहे आणि ओळखीच्या बायका आहेत. ब्लाऊज, परकर, सलवार-कुर्ते, अलीकडे शिबिराला जाणाऱ्या मुलींच्या पँटीसुद्धा. रंगीत शिवायला त्या कुठेही जातात, पांढरं मात्र माझ्याकडे आणतात. पांढऱ्यावर शिवणीची प्रत्येक खोड दिसते, हे एक कारण. दुसरं म्हणजे ते घालून तासदीड तास जमिनीवर बसायचं असतं, आणि आमच्या सतरंजीवर कोण कशी बसते, ते मला ठाऊक आहे.

आधी कापड. मलमल हाताला सुखाची, पण उन्हात उभं राहिलं की आतलं सगळं बाहेर. पॉपलिन अंग झाकतं, पण चार धुण्यांपर्यंत कडक राहतं. टेरिकॉट चुरगळत नाही म्हणून जुन्या बायकांचा त्याच्यावर भारी जीव; वैशाख पौर्णिमेला पत्र्याच्या विहारात ते घालून बसून दाखवावं. हकोबाला भोकं असतात, म्हणजे अस्तर आलंच. जॉर्जेटची ओढणी वाकलं की खांद्यावरून सुटते आणि वंदना सोडून बाई ओढणीच सांभाळत बसते. मी बहुतेकींना केंब्रिक सुचवते, आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत आतून मलमलीचं अस्तर. घाम अस्तर पितं, वरचं कापड अंगाला चिकटत नाही.

दुकानात ट्यूबलाइटखाली घट्ट वाटणारं कापड रस्त्यावर आरपार होतं. म्हणून एक घडी उलगडायची, आत हात घालायचा आणि दारापर्यंत उन्हात जायचं. हातावरच्या रेषा मोजता आल्या तर ठाण परत. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू दे. घरी आणल्यावर कात्री लावण्याआधी ते रात्रभर पाण्यात घालायचं, कारण सुती कापड आटतं, आणि आटलेला पांढरा कुर्ता पहिल्यांदा काखेत ओढतो.

पांढऱ्याच्या आत पांढरं घालू नये, हे फारसं कुणी सांगत नाही. पांढऱ्या साडीतून पांढरा परकर उठून दिसतो. अंगाच्या रंगाचा असला की तो दिसेनासा होतो. म्हणून अस्तर 'स्किन कलर'चं घ्यायचं, असं मॅचिंग सेंटरवाला सांगतो. आता हा स्किन कलर म्हणजे गुलाबीकडे झुकलेला फिकट पिवळा. आमच्या विहारातल्या एकीचीही कातडी त्या रंगाची नाही. कुणाची कातडी समोर ठेवून हे नाव पडलं कोण जाणे, पण काउंटरवर ते इतक्या सहज उच्चारलं जातं की गिऱ्हाइकाला वाटावं, आपलीच कातडी चुकली. मी बदामी, चहाच्या रंगाच्या, कॉफीच्या, गडद चॉकलेटी अशा तुकड्यांची चळत ठेवली आहे. मनगटाशी तुकडा लावायचा, वर पांढरं कापड टाकायचं आणि बघायचं. जो तुकडा नाहीसा होईल तो तिचा.

मग माप. शिंपी उभ्या माणसाचं माप घेतो. मी बसवून घेते. वंदनेला बाई आधी उभी असते, मग गुडघे टेकते, मग दोन्ही हात आणि कपाळ जमिनीला लावून पंचांग प्रणाम करते, तोही तीनदा. त्यानंतर मांडी घालून त्रिशरण, पंचशील, सुत्तपठण, धम्मदेसना. एवढ्या वेळात कपड्याची तीन ठिकाणी परीक्षा होते. गुडघे टेकताना कुर्त्याचा मागचा पल्ला टाचेखाली येतो आणि उठताना गळा मागे ओढला जातो. कपाळ टेकताना पाठीवर ब्लाऊज वर सरकतं आणि मागे बसलेल्यांना जे दिसू नये ते दिसतं. मांडी घातली की बैठकीचा घेर दीडदोन इंच सहज वाढतो. म्हणून मी बाईला खाली मांडी घालून बसवते आणि टेप तिथे फिरवते. बाजूचे कट कमरेपासून थोडे खालीच सुरू करते, काखेत चौबगला घालते, ब्लाऊजची पाठ उंच ठेवते. पुढचा गळा वाकल्यावर लोंबतो, तेव्हा तो खोल नको. बाही कोपरापर्यंत. हे कुणा भन्तेंनी सांगितलेलं नाही. वाकणाऱ्या बाईला आपल्या कपड्याकडे लक्ष द्यावं लागू नये, एवढाच हिशोब.

साडीची गोष्ट वेगळी. साडी मर्यादेची मानतात, पण मांडी घालून उठताना निऱ्या पायात येतात, आणि गुडघ्यांच्या दुखण्याने उठायला आधीच भिंत लागते. आमच्या मंडळात यावर मोठी चर्चा झाली. साडीच हवी म्हणणाऱ्या दोघीतिघी होत्या. सत्तरीतल्या एका काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "मी पडले तर उचलायला कोण येणार आहे, नाव लिहून द्या." दुसऱ्या पौर्णिमेला त्या सलवार-कुर्त्यात आल्या. चर्चा तिथेच मिटली.

पांढऱ्या कापडाशी आमचं नातं जुनं आहे, पण ते आम्ही निवडलेलं नव्हतं. गावगाड्यात महाराच्या हक्कांत मढ्यावरचं कापडही होतं. तिरडीवरून उतरलेलं ते पांढरं घरी यायचं आणि त्याचं काहीतरी व्हायचं, कुणाचं पांघरूण, कुणाचं बंडीचं कापड. मनुस्मृती चांडाळांसाठी मेलेल्यांचीच वस्त्रं सांगते. गावाला मनू वाचायची गरज नव्हती, गाव तसंच वागत होतं. नवं, आपल्या अंगाचं माप घेऊन बेतलेलं कापड ही दूरची गोष्ट. दुसऱ्याच्या अंगावरून आलेला कपडा खांद्यात उतरतो किंवा छातीत आवळतो, आणि तो तसाच घालायचा असतो.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत ती मनुस्मृती जाळली गेली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी कपड्यांवर बोलले, ते तेवढं पाठ नसतं. गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं आणि अंगावरचे ते जड कथला-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण तो स्वच्छ हवा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बायकांनी वेळ लावला नाही. दुसऱ्या दिवशी लुगडी घोट्यापर्यंत आली होती. एखाद्या चळवळीच्या इतिहासात निऱ्यांची उंची येते, हे मला शिवणकाम करणारी म्हणून फार मोलाचं वाटतं.

माझे आजोबा गिरणीत होते, रिंगखात्यात. म्हणजे सूत कातायचं खातं. साचेखात्यात, जिथे कापड विणलं जायचं आणि पगार जास्त मिळायचा, तिथे मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना घेत नसत. कारण ऐकून आजही हसावं की काय करावं ते कळत नाही. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. तरी सवयी संपाबरोबर संपत नाहीत. आमच्या माणसांच्या हातचं सूत चालायचं, त्या सुताचं कापड झालं की तेही सगळ्यांना चालायचं, फक्त मधल्या धोट्याला तोंड लागलेलं चालत नव्हतं. विदर्भात तर आमच्यातलेच लोक हातमागावर जाडंभरडं विणत, गिरण्यांच्या स्वस्त कापडाने ते माग बसवले. म्हणजे कापड काय असतं, हे आम्हाला दोन्ही टोकांनी माहीत होतं. अंगावर काय येईल ते मात्र दुसरे ठरवत.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, नागपूर. त्या दिवशीचे फोटो काळेपांढरे आहेत, पण रंगीत असते तरी फारसा फरक पडला नसता. लाखो माणसं, आणि मैदानभर पांढरं. नागपुरातल्या दुकानांतलं पांढरं कापड आदल्या दिवसांतच संपलं होतं, असं जुनी माणसं सांगतात. बाबासाहेबांनी पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला होता. कुशीनगरच्या महास्थविर चंद्रमणींनी त्यांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं, मग बाबासाहेबांनी समोरच्या जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. यातल्या सगळ्याबद्दल लिहिलं गेलंय. मी त्या फोटोत शिवण शोधते. कुणाच्या सदऱ्याच्या बाह्या लांब आहेत, घाईत शिवलेल्या. कुणाच्या खांद्यावर घडी मोडलेलीच नाही, म्हणजे कापड कोरं. जत्रेला माणूस ठेवणीतलं काढून घालतो. इथे ठेवणीतलं काही नव्हतं. माणसांनी पैसे मोजून कापड विकत घेतलं, ते पांढरं होतं आणि कुणाच्या मढ्यावरून आलेलं नव्हतं.

आणखी एक. माईसाहेब त्या दिवशी पांढऱ्या साडीत होत्या, नवरा शेजारी उभा असताना. आमच्या भाषेत पांढरं कपाळ आणि पांढरा पाय या दोन्ही शिव्या आहेत, दोन्ही बाईला दिलेल्या. त्या भाषेतल्या बायकांनी लेकीसुनांना घेऊन पांढरं नेसायचं, यात किती धाक मोडला असेल. आजही मंगल परिणयात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, आणि दुसऱ्या समाजातून आलेल्या शेजारणी पहिल्यांदा बघताना एकमेकींकडे बघतात. माझ्या आईच्या लग्नात चाळीतली एक म्हातारी खरंच रडली होती. पोरीच्या अंगावर निदान हिरवा चुडा तरी घाला, म्हणून आजीच्या मागे लागली. आजीने तिला चहा दिला आणि पुढच्या पंगतीत बसवलं.

आजी नागपूरला गेली नव्हती. ती ७ डिसेंबरला दादरला होती, चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत. तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी दीक्षा घेतली, त्यात तीही. अंगावर रोजचं हिरवं लुगडं होतं. पांढरं नेसायला घरी कोण गेलं होतं? पुढे तिने गिरणीच्या दुकानातून कटपीस आणून स्वतःला आणि आजोबांना पांढरं शिवून घेतलं, पण त्या दिवसाबद्दल बोलताना तिने कधी हळहळ केली नाही. आज कुणी रंगीत कपड्यात विहारात आली आणि बाकीच्यांनी भुवया उंचावल्या, की मला ते हिरवं लुगडं बोलून दाखवावंसं वाटतं. कधी कधी दाखवतेही.

पांढरं टिकवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. सुती पांढरं धुण्यागणिक पिवळं पडतं. त्याला उपाय निळीचा. जुन्या बायका पुरचुंडीत नीळ बांधून पाण्यात हलवायच्या, आता बाटलीतले चार थेंब. निळा पिवळ्याला मारतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. जास्त झाली तर डाग पडतात, म्हणून आधी नीळ पाण्यात नीट ढवळायची, मगच कपडा बुडवायचा आणि लगेच काढायचा. जयंतीला झेंड्यांच्या निळाईत उभं राहताना माझ्या मनात हमखास बादली येते.

त्यातून आमचा मुख्य काळ ऐन पावसात. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा वर्षावास. रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन. पांढरं घालून चिखलातून जायचं. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या बाईच्या पोटऱ्यांवर मागून चपलेने उडवलेले शिंतोडे असतात, ओळीने, थेट गुडघ्यापर्यंत. यासाठी मी सलवारीची मोहरी अरुंद आणि घोट्याच्या वर ठेवते, आणि चप्पल मागून पट्टा असलेली घ्या म्हणते. कपडे घरात वाळत राहतात, त्यांना कुबट वास येतो, काळे ठिपके धरतात. ते ठिपके निघत नाहीत. ते कापड मी अस्तराला वापरते.

आता लेस. अष्टशील घेतलेल्या दिवशी माळा, गंध, दागिने, नटणं वर्ज्य. मग पांढऱ्या कुर्त्याला पांढरी लेस नटणं आहे की नाही? हा वाद माझ्या मशीनपाशी होतो. माझं मत विचाराल तर बाहीला बोटभर लेस लावून कुणाचं शील ढळत नाही. पण अंगभर लखनवी, वर टिकल्या, आणि शेजारची टेरिकॉटच्या जुन्या साडीत, असं झालं की पांढऱ्यातही ऐपत दिसायला लागते. सगळ्यांनी एकच रंग घातल्याने हा प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं होतं. तो फक्त बारीक झाला. कापडाच्या पोतात गेला. लांबून सगळ्या सारख्या, जवळून कुणाचं मीटर काय भावाचं ते मला पाठ. तेव्हा नेटचं, झगमगीचं मी शिवत नाही. बाहेर शिवून मिळतं.

त्रिपिटकात गृहस्थ उपासकांचं वर्णन पांढरी वस्त्रं ल्यालेले असंच येतं. भिक्षूंचं चीवर काषाय, आणि तेही तुकडे जोडून, मगधातल्या भाताच्या खाचरांसारखे बांध दिसतील असं. बुद्धाच्या सांगण्यावरून आनंदाने ते बेतलं, अशी विनयात नोंद आहे. आनंदाला शिवण कळत होती, हे वाचून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. मज्झिम निकायातल्या एका सुत्तात तर कापडाचाच दाखला आहे: मळकं वस्त्र रंगाऱ्याने निळ्या, पिवळ्या, तांबड्या कुठल्याही रंगात बुडवलं तरी रंग वाईटच चढतो, स्वच्छ असलं तर चांगला. रंगाऱ्यांकडे कुणीतरी नीट बघितलं होतं, हे त्या वाक्यातून कळतं. श्रीलंकेत पौर्णिमेला सुट्टी असते आणि सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं विहारांकडे निघतात. त्यांचं पांढरं परंपरेने आलेलं आहे. आमच्याकडचं पांढरं एका रविवारी, एका मैदानात, दुकानातून विकत घेऊन आलं. दोन्ही एकाच सूत्राचं आहे, पण त्यांच्याकडे ते कधी नव्हतं असा दिवस कुणाच्या आठवणीत नाही. आमच्याकडे तो आजीच्या आठवणीत होता.

गेल्या आठवड्यात त्या सत्तरीच्या काकू नवं केंब्रिक घेऊन आल्या. उपासिका शिबिराला जायचंय. माप झालं, अस्तराचा तुकडा मनगटाला लावून झाला, चहाचा रंग ठरला.

"आणि खिसा लाव गं."

"काकू, कुर्त्याला?"

"मग कशाला? चष्मा, गुडघ्याचं मलम, रेल्वेचा पास. पिशवी घेऊन वंदनेला बसले तर समोरची म्हणते, काकू, पिशवी बाजूला ठेवा. पुरुषांच्या सदऱ्याला असतात ना दोन-दोन? त्यांचं शील नाही ढळत."

खिसा बाजूच्या शिवणीत लावायचा तर पांढऱ्यातून आतलं मलम दिसणार, म्हणून खिशाची पिशवीसुद्धा चहाच्या रंगाची करावी लागेल. शिवाय उजवीकडे की डावीकडे? मी त्यांना खाली बसवलं आणि उठायला सांगितलं. त्या डाव्या हातावर भार देऊन उठतात, तेव्हा चष्मा डावीकडे मोडेल. खिसा उजवीकडे. तोंड थोडं तिरकं, वर एक बटण. पास खोल जायला नको म्हणून आत सहाच इंच. शिलाईचे पैसे विचारले तर मी खिशाचे वेगळे सांगितले, आणि त्यांनी ते कापून दिले.